टिंबासकट नांदा

आमच्या झरीत सत्तरीला टेकलेल्या बाईनं मशीन घेतलं तर ते शिलाईचंच असणार, असं गाव धरून चालतं. गावाची त्यात काही चूक नाही. टेम्पोतून उतरवलं तेव्हा ते दिसत होतंच तसं. खाली लोखंडी पाट, वर बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला हात, आणि हाताच्या टोकाला सुईसारखं काहीतरी. दुसऱ्याच दिवशी शेजारीण साडी घेऊन हजर झाली.

"काकू, फॉल-पिको करून देता का? लगीनसराई हाय, परभणीत लय खोळंबा करायलेत."

मी म्हटलं, "बाई, ह्याच्यावर साडी ठेवलीस तर चिंध्या घेऊन जाशील. हे लाकडाचं मशीन हाय."

"लाकूड शिवायचं?" ती म्हणाली, आणि साडी छातीशी धरून मागं सरकत सरकत गेली. संध्याकाळपर्यंत नळावर बातमी झाली, म्हातारी लाकूड शिवायली.

शिवत नाही हो, कापते. फोनवर त्याला स्क्रोल सॉ म्हणतात. केसासारखं बारीक पातं वर-खाली नाचतं आणि त्याच्यासमोर आपण फळी फिरवायची, की वेलबुट्टी, जाळी, मोर, अक्षरं, काय पाहिजे ते निघतं. मला हे दाखवलं ते नातीच्या जुन्या फोननं. मी भजनं लावायला जायची आणि फोन आपल्या मनानं एक गोरा म्हातारा पुढं आणायचा. तो बोलायचा त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण त्याचे हात कळले. मी जन्मभर शिवलं आहे. चोळ्या, परकर, गोधड्या, सासूबाईंच्या पिशव्या. कापड ढकलायचं नसतं, नुसतं वळवायचं असतं, सुई तिचं काम करती. हा म्हातारा लाकडाला तसंच वळवत होता. मी म्हटलं, अगं बाई, हे तर आपलंच काम, फक्त कापड जरा कडक आहे.

नवं मशीन घ्यायचं नाव काढलं असतं तर आमच्या मालकांनी गावजेवण घातलं असतं, माझ्या नावाचं. म्हणून जुनं शोधलं. पिंगळीला स्टेशनच्या अंगाला एका घरी होतं. फोनवर फोटो आला, त्यात मशीनच्या पाटावर पापड वाळत घातले होते. मला लगेच वाटलं, हे घर आपल्यातलं आहे.

मालक सोबत आले. माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. मी कशी फसते ते डोळ्यानं बघावं म्हणून.

दार एका बाईनं उघडलं. माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असेल. तिनं आम्हाला मागच्या खोलीत नेलं आणि घरातला बिघडलेला दीर दाखवावा तसं मशीन दाखवलं.

"हेच ते."

"चालतंय का?" मी विचारलं.

"चालतंय. तेच तर दुखणं हाय. बंद पडलं असतं तर कवाच भंगारात गेलं असतं."

"काही खराबी?"

"मशीनमधी न्हाई. आमच्या ह्यांच्यामधी." मग ती चुलीवरचं दूध उतू जावं तशी बोलत सुटली. "आधी कपाटाला जाळी केली. म्हटलं असू दे. मग देव्हाऱ्याला केली, चांगली दिसली. मग खिडक्यांना, शेल्फला, माठाच्या झाकणाला. मी काय बोलले न्हाई. एक दिवस माहेरून आले तर मोरीच्या दाराला नक्षीची जाळी."

"मोरीच्या?" मालकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"वेलबुट्टी. मधी दोन मोर. त्याच दिवशी सांगितलं, आता एक तर हे घरात न्हाई तर मी न्हाई."

"मग ते आहेत कुठं?"

"पिंजरा आणायला गेलेत. आता लव्हबर्ड पाळायचेत. त्याला जागा पायजे म्हणून तर हे काढायलाव."

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू काही माझं पुढचं सगळं आयुष्य त्या बाईनं वाचून दाखवलं.

गोऱ्या म्हाताऱ्यानं एक युक्ती दाखवली होती. चालू मशीनच्या पाटावर नाणं कडेवर उभं करायचं. उभं राहिलं तर मशीन चांगलं, फार थरथरत नाही. मी कनवटीचा रुपया काढला, मशीन चालू करायला सांगितलं आणि रुपया उभा केला. पहिल्यांदा तो गडगडत पलंगाखाली गेला. ती बाई म्हणाली, "जाऊ द्या, त्याच्याखाली लय काय काय गेलंय." मी दुसरा काढला. श्वास धरला. तो उभा राहिला.

"बघा!" मी म्हटलं.

"रुपया उभा ऱ्हायला," मालक म्हणाले, "आता आपण आडवे होऊ."

निघताना त्या बाईनं मला हळदीकुंकू लावलं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "सुटले बघा मी." एवढ्या मनापासून मला कुणी काही विकलेलं नाही.

मशीन आमच्या बैठकीत आलं, कारण पिन लावायचा चांगला बोर्ड तिथंच. आणि त्याच महिन्यात नातीचं लग्न ठरलं. म्हणजे एकीकडं सुनेचे पापड, कुरडया, शेवया, आणि दुसरीकडं माझं घर्रर्र.

"आत्या, शेवयात भुसा पडायलाय," सून म्हणायची.

"भुसा नाही ग, सागवान हाय. खिडक्या केल्या तेव्हाची फळी."

सून चांगली आहे, म्हणून हसायची. मालक हसायचे नाहीत. "बंद कर ते," एवढंच म्हणायचे. जेवताना बंद कर ते, बातम्या लागल्या बंद कर ते, कुणी आलं बंद कर ते. आणि आलेल्याला सांगायचे, "म्हातारपणी काय नाद लागलाय हिला. पिंगळीहून आणलाय. तिथल्या बाईनं नवऱ्याचा नाद काढला अन् आमच्या गळ्यात घातला."

पाती तुटत होती, ते खरं आहे. ताण कमी पडला की तुटतात, जास्त झाला तरी तुटतात, अगदी माणसासारखी. आणि जाळीच्या आतली भोकं करायची म्हणजे आधी बारीक छिद्र पाडायचं, पातं वरून सोडायचं, छिद्रातून ओवायचं, परत ताणून बांधायचं. सुईत दोरा ओवतात, इथं लाकडात सुई ओवायची. माझ्या डोळ्यांना काय ते माहीत. पण जमत होतं. आणि एक सांगते, जे माझ्या हातून आजवर झालं ते सगळं संपलं. भाकरी खाल्ल्या, चोळ्या विटल्या, गोधड्या नातवंडांनी भिजवल्या. लाकडाचं केलेलं भिंतीवर लटकून राहतं. कुणी बघो न बघो, राहतं. हे मशीन हातचं जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी बैठक रिकामी करायची वेळ आली. वऱ्हाड पोखर्णीचं, मोठं. मालकांनी खुर्चीत बसून निवाडा दिला.

"असं कर. लग्नात दारावर लावता येईल असं कायतरी बनव. वरमायनं नाव ठेवलं न्हाई तर मशीन ऱ्हाईल. ठेवलं तर भंगारवाल्याला हाक मारीन."

"वरमायच का? सासरा चालणार नाही का?"

"वरमायनं नाव ठेवलं न्हाई तर कुणीच ठेवत न्हाई."

काय डोकं आहे बघा माणसाचं. वरमाय म्हणजे लग्नात नावं ठेवायला नेमलेली बाई. ती चहाला ठेवती, रुखवताला ठेवती, बसायच्या सतरंजीला ठेवती. तिच्या हातात माझं मशीन दिलं.

मी ठरवलं, पाटी करायची. "सुखाने नांदा." फ्लेक्सवाल्याकडून मोठी अक्षरं काढून आणली, फळीवर चिकटवली आणि बसले. आपली अक्षरं या कामाला फार गुणाची. गोऱ्या म्हाताऱ्याची अक्षरं सुटी सुटी पडायची, तो एकेक गोळा करत बसायचा. आपल्याला वरून रेघ आहे. सगळी अक्षरं एका वलनीला टांगल्यासारखी. सुखाचा उकार खालून धरलेला, मात्रा वरून धरलेली, कुणी सुटून जात नाही. मला फार अभिमान वाटला. आणि मग नांदावरचं टिंब आलं.

टिंबाला कुणी धरलेलं नसतं.

पहिलं टिंब कापता कापता उडालं ते सापडलंच नाही. दुसरं शेवयांच्या परातीत गेलं असावं, सुनेला मी सांगितलं नाही. मसुराएवढी ती चीज, कापून सुटली की पातं तिला उडवतं. शेवटी एक हाती लागलं. सगळी अक्षरं तपकिरी पाटीवर गोंदानं चिकटवली, टिंब सगळ्यात शेवटी, जागा बघून, देवाला गंध लावावं तसं. सुनेनं बघितलं आणि म्हणाली, "आत्या, छान झालं ओ." मालकांनी बघितलं आणि चष्मा पुसला. बंद कर ते म्हणाले नाहीत. म्हणजे छान झालं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडववाल्यानं दारावर दिव्यांच्या माळा सोडल्या, त्याच्या मध्ये पाटी. मी ताट घेऊन दारात उभी, सून पाय धुवायला तांब्या घेऊन पुढं, मालक फेटा बांधून बाजूला. वऱ्हाड आलं. वरमाय आली, जरीची साडी, नजर सगळीकडं. पाय धुतले, साखर दिली. मग तिनं मान वर केली आणि पाटी वाचायला लागली, मोठ्यानं, एकेक अक्षर.

"सु-खा-ने... ना-दा." परत वाचलं. "सुखाने नादा? कशाच्या नादाला लावायलात ओ आमच्या लेकराला?"

मी वर बघितलं. माळ ओढताना टिंब निघालं होतं. नुसता गोंदाचा पांढरा डाग. मालक आल्यागेल्यापुढं ज्या शब्दानं माझी टर उडवत होते तोच शब्द, माझ्याच हातानं कापलेला, सागवानात, दिव्यांच्या माळेत.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. सुनेच्या हातातला तांब्या तसाच. मालकांकडं मी बघितलं नाही, पण मला भंगारवाल्याची गाडी ऐकू यायला लागली. खाली वाकून बघावं तर सगळीकडं ओवाळताना सांडलेल्या अक्षता. त्यात मसुराएवढं टिंब कुठं शोधणार?

मग मी काय केलं, तर कपाळावरची टिकली काढली, टाचा उंचावल्या आणि नांदावर चिकटवली. ताटात कुंकू होतं की, माझ्याच हातात. पण डोकं चालेल तेव्हा ना.

वळले तर मालक फेट्यासकट पुढं आलेले.

"अगं ए! मी हाय की अजून!"

असा हशा पिकला की काय सांगू. वाजंत्रीवाल्यानं सनई तोंडातून काढली. मला तेव्हा कळलं की मी लग्नाच्या दारात, सवाष्ण बाई, पांढऱ्या कपाळानं उभी आहे. वरमाय पदर तोंडाला लावून गदगदा हलत होती. मग तिनं माझ्याच ताटातलं कुंकू घेतलं आणि माझं कपाळ भरलं. वरमायनं. मान मी तिचा करायचा, तर तिनं माझा केला.

"आता दोघी बी नांदा, आजी," ती म्हणाली, "तुमी अन् तुमची पाटी." आणि मालकांकडं वळली. "ही पाटी कुठून केली ओ?"

मालकांनी फेटा सारखा केला. "घरीच. आमच्याकडं मशीन हाय ना."

आमच्याकडं!

"मग आमच्या दाराला बी एक पायजे. श्री नृसिंह प्रसन्न. आमी पोखर्णीचे, नृसिंहाच्या गावचे, दुसरं काय लावणार?"

"करून देऊ की," मालक म्हणाले. मला विचारलं नाही.

आता वरमायचं काम म्हटल्यावर मशीन कोण काढणार? सुनेनं जिन्याखालची जागा दिली. एकाच अटीवर, मोरीच्या दाराला हात लावायचा नाही. नात पाटी घेऊन सासरी गेली, आणि अधूनमधून फोनवर सांगती, "आजी, आज पाटीला हिरवी टिकली लावली." कधी घुश्श्यात म्हणती, "आज लावलीच न्हाई." त्या दिवशी मी नातजावयाला फोन द्यायला सांगते आणि टिकलीचं पाकीट कुठं मिळतं ते समजावते.

श्री नृसिंह प्रसन्नला बसले तेव्हा कुठं लक्षात आलं की टिंब इथंही आहे. सिंहाच्याच डोक्यावर. या वेळी फार जपून कापलं, तरी सुटल्या सुटल्या उडालं. मी मशीनसमोर हात जोडून बसले.

मालक खुर्चीतून उठले. चष्मा लावला, फोनची बत्ती लावली आणि गुडघ्यावर बसून जिन्याखाली शिरले. फक्त आवाज येत होता.

"हे का गं?"

"ती तूरडाळ हाय."

"मग हे?"

"दाखवा. ह्यो खडा."

थोडा वेळ गेला. मी दुसरं टिंब कापावं म्हणून मशीन चालू केलं, तर खालून ओरडले, "बंद कर ते! भुसा उडायलाय, मला टिंब दिसंना!"

मी लगेच बंद केलं.