अर्ध्या कार्डांची वाटणी

चष्मेवाल्यांच्या दुकानात नंबर तपासायला गेलेलं गिऱ्हाईक तासाभराने चष्म्याशिवायच बाहेर पडायचं. कारण ते आधी स्टिरिओस्कोप दाखवत. दोन भिंगांचं लाकडी यंत्र, समोर पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन फोटो. डोळे लावले की दोन्हींचं मिळून एकच चित्र होतं आणि त्यातली माणसं खरीखुरी उठून उभी राहतात. असल्या जुन्या कार्डांपायी चष्मेवाले पार खुळावले होते. पुठ्ठ्याचा बाक आणि कोपऱ्यांची गोलाई पाहून ते कार्डाचं वय सांगत. बायकोचं वय मात्र त्यांना दरवर्षी विचारावं लागे, तेही तिलाच.

एक दिवस बेकरीवाला चष्मा करायला आला आणि वडिलांनी काढलेले जुने फोटो म्हणून एक गठ्ठा पुढे ठेवला. चष्मेवाल्यांनी वरचा उचलला. डावे कोपरे गोल, उजवी कड कात्रीने कापलेली.

"ही अर्धीच आहेत," ते कसेबसे म्हणाले. "बाकीची कुठायत?"

"ताईकडे. बाबा गेल्यावर वाटणी झाली. प्रत्येक कार्डावर दोन सारखेच फोटो, म्हणून कापून एकेक घेतला. उगाच भांडण नको."

भांडण तरीही झालंच होतं, एका कपाटावरून, आणि नऊ वर्षं बहीणभावाचं बोलणं बंद होतं.

चष्मेवाल्यांना घास गोड लागेना. घरच्या घरी काढलेली चाळीस कार्डं, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली. ती जोडून आपल्या संग्रहात यावीत, एवढंच त्यांना हवं होतं. बेकरीवाला म्हणाला, "तिने दिली तर मी देतो." शिवण शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "त्याने दिली तर बघू." शेवटी चष्मेवाल्यांनी दोघांना एकाच वेळी डोळे तपासायला बोलावलं, आणि नजर जुन्या फोटोंवरच नीट कळते अशी थाप मारून फोटोही आणवले. ही शुद्ध लबाडी होती आणि ती त्यांना मुळीच खटकली नाही.

यंत्रात पहिली जोडी लावतानाच वाजलं.

"मी मोठी आहे. माझा डावीकडे," ताईंनी समोरच्या भिंतीला सांगितलं.

त्यांच्याकडे उजवे अर्धे होते. पण ऐकतंय कोण? लावलं तसंच. बेकरीवाल्याने डोळे लावले तर सगळं उलटं, मागची भिंत पुढे आणि आई भिंतीच्या पार पलीकडे.

"आईला भिंतीत गाडलंस," तो बोलून गेला. नऊ वर्षांतलं त्याचं हे पहिलं वाक्य.

ताईंनी स्वतः पाहिलं आणि निमूटपणे फोटो उजवीकडे लावला. पुन्हा पाहिलं. आई हातात फणी घेऊन पुढे वाकली होती, अगदी नाकापर्यंत. ताईंनी नकळत डोकं पुढे केलं.

"बघ," त्या भावाला म्हणाल्या. "वेणी घालायला बोलावतेय. तुलाही घालायची."

"मला कधी?"

"घालायची. रिबीन लावून."

बेकरीवाल्याचं टक्कल लाल झालं. मग चाळीसही कार्डं झाली, हसून झालं, रडूनही झालं. तपासायला आलेली तीन गिऱ्हाइकं वाट पाहून निघून गेली.

"हे यंत्र आम्हाला द्या," ताई म्हणाल्या. "याच्याशिवाय फोटोंचा काय उपयोग?"

चष्मेवाल्यांच्या तोंडून नाही निघेचना. दाराशीच दोघांनी नवी वाटणी केली. सगळी कार्डं ताईंकडे, यंत्र बेकरीवाल्याकडे. आता आईला पाहायचं तर एकाला दुसऱ्याच्या घरी जावंच लागणार होतं. चष्मेवाल्यांना मात्र त्यांच्यापैकी एकानेही "तुम्हीही या" म्हटलं नाही.