दोन ठोक्यांचा जवाब

माह्या नवऱ्याले, हेमराजले, भूत लागलं असं आमच्या सौंसर गावभर लोक बोलून राहिले. उचलली जीभ, लावली टाळ्याले! मी बायको हाय त्याची, मले इचारा ना.

हेमराज आन् त्याचा लहाना भाऊ गौतम विहिरीत पडलेल्या मोटरा काढाचे. पार पांढुर्ण्यापर्यंत कोणाची मोटर पडली का यायलेच बलावणं. खाली गढूळ पाणी, एकमेकाले दिसत नाही. म्हणून एकानं लोखंडी पायपावर दोनदा ठोकाचं, दुसऱ्यानं दोनदा जवाब द्याचा. म्हणजे ठीक हाय, तू आपलं काम कर.

तीन वर्षांमागं दोघं कोकणात गेले, स्कुबाच्या कामाले. समुद्राच्या तळाशी मासेमारीची एक बोट बुडून पडली हाय. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पर्यटकांले ती दाखवाची. एका सकाळी बोटीत गुंतलेलं जुनं जाळं कापाले दोघंच उतरले. गौतम आत केबिनमंधी, हेमराज बाहेर. आतून दोन ठोके आले. यानं सुरीच्या मुठीनं दोन देले. परत आले, परत देले. पोट्टं मजेत हाय असं समजून हा जाळं कापत राहिला.

तिथल्या मास्तरनं शिकवलं होतं का समुद्रात ठोकलं म्हणजे माह्याकडे ये. गौतमनं ते ध्यानात ठेवलं. यानं विहीर ध्यानात ठेवली. ठोके थांबले तवा हा आत गेला. गौतमचा पाय जाळ्यात अडकला होता, सिलिंडर रिकामं झालं होतं.

माह्या सासूले, मनकर्णाबाईले, यानं सांगतलं का सिलिंडर बिघडलं, गौतमले काही समजलंही नाही. खरं फक्त मले माहीत. सांगून टाक, पोटात ठेवून सडशीन, असं मी किती खेपा म्हटलं. तो म्हणे, माय माहं तोंड पाहणार नाही.

आता कुठंही ठोका वाजला का हा धावते. जेवता जेवता ताटावरून उठते. गेल्या महिन्यात सासू खलबत्त्यात जिरं कुटून राहिली होती, तं हा संत्र्याच्या बगिच्यातून अनवाणी पळत आला. काऊन पळतं रे, तिनं इचारलं. आन् यानं उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

सासू रडली नाही. "किती खेपा ठोकलं त्यानं?"

"सहा."

"आन् तू?"

"सहाही खेपा जवाब देला, माय."

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "मंग भेला नसन माहा लेक. भाऊ येऊन राहिला, असं समजून वाट पाहत बसला असन."

मायेनंच म्हटलं तिनं, देवाशप्पथ. हेमराज मटकन खाली बसला. मी सासूपुढचा खलबत्ता उचलून आत नेऊन ठेवला.