नात खाली ठेवली, त्याची गोष्ट

आमच्या घरात मूल रडलं की ते का रडतंय हे कुणी विचारत नाही. आधी उचलतात. विचारपूस नंतर, कडेवर बसवून.

नाशिकच्या कडेला शहर संपून मळे सुरू होतात, तिथे आमचं घर. आता इमारती मळ्यांच्या दिशेने चालत येऊ लागल्या आहेत, पण कोथिंबीर आणि मेथी अजून आमचीच आहे. संध्याकाळच्या लिलावाला माल पोचला पाहिजे म्हणून दुपारी सगळं घर शेडमध्ये जुड्या बांधायला बसतं. मी, बायको, मुलगा, सून आणि शेजारच्या बायका. खाली ओला पाला, चिखल, सुतळी, विळे. अशा जागी मूल खाली कोण ठेवणार? म्हणून आमची नात मांडीवरून मांडीवर फिरायची. जिचे हात अडकले ती शेजारणीकडे नात सरकवायची आणि तिच्याकडची कोथिंबीर ओढून घ्यायची. पाहुणे आले की बायको अभिमानाने सांगायची, "पोरीचा पाय जमिनीला लागू दिला नाय आम्ही."

त्यात माझी कला वेगळीच. मी लगीनसराईत माइक धरतो. "नवरदेवाच्या मामांनी ताबडतोब मांडवात यावं, नवरदेवाचं मन बदलायच्या आत," असली माझी वाक्यं पंचक्रोशीत चालतात. ती कला मी नातीवरही चालवायचो. तिला मांडीवर घ्यायचं आणि तिच्या वतीने बोलायचं, बारीक, नाकातल्या, हुकूम सोडणाऱ्या आवाजात. "ए आजी, जुडी नीट बांध! व्यापारी नाक मुरडतोय!" शेड हसून लोळायची. नात मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहायची. आपला आवाज या मिशांतून कसा येतोय, ते बहुधा शोधत असावी.

वर्षाची झाली तरी ती बसत नव्हती. आम्हाला ते जाणवलंच नाही, कारण तिला कुणी बसू दिलं नव्हतं. सिन्नरची माझी बहीण आली, तिने नातीला सतरंजीवर बसवलं आणि हात काढून घेतले. नात शांतपणे एका बाजूला कलंडली. बहीण काहीच बोलली नाही. आमच्या घराण्यातलं माणूस बोलायचं थांबलं म्हणजे काय समजायचं ते मी समजलो.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा, त्यामुळे हातपाय ताठ राहतात. औषधाने जाणारं हे नाही, पण रोजच्या सांभाळण्याने पुष्कळ फरक पडतो. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं म्हणे. मला ते एकदाही ऐकू आलं नाही.

सुनेने एकच प्रश्न विचारला. "ही पोरांत बसंल का?"

"बघू," डॉक्टर म्हणाले.

त्याच दिवशी चांदवडला लग्न होतं. मी गेलो. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल आपलाच असतो, पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो. तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. तोंड चालू होतं. मामांना बोलावलं, वरमाईच्या पैठणीची चेष्टा केली, मांडव हसवून सोडला. एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम जवळ आले. "नाना, आज तुम्ही लय रंगात हाय!" मी हात जोडले. पंगतीत काय वाढलं होतं ते आठवत नाही. जिलेबी असणार, जिलेबी असतेच.

ती बधिरता पुढे कितीतरी महिने राहिली. खरं सांगू? सोयीची होती. दुखत नव्हतं. लोक विचारायचे, मी विनोद करायचो, लोक निघून जायचे. रडू आलं नाही, राग आला नाही, देवाशी भांडणही झालं नाही. बायको रोज पहाटे दिवा लावून भांडायची. मी चहा घेऊन पेपर वाचायचो. ठळक मथळे वाचायचो आणि पान उलटलं की विसरायचो.

सुनेची गोष्ट निराळी. ती कळवणकडची, बोलायला कंजूष. तिने चौकशी करत करत सरकारी दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई गाठल्या आणि आम्हा सगळ्यांना तिथे नेऊन उभं केलं. बाई तरुण होत्या. चेहऱ्यावर दया वगैरे काही नव्हती, त्यामुळे मला बऱ्या वाटल्या.

"दिवसभर काय करते ही?" त्यांनी विचारलं.

"तिला काय करावंच लागत नाय," बायको म्हणाली. "सगळं आम्ही करतो."

"भूक लागली की कसं सांगते?"

"सांगायच्या आधीच भरवतो की!"

"कसं भरवता?"

बायकोने तिथेच फरशीवर बैठक मारली, पाय लांब केले आणि नातीला पायांवर उताणी घेतली. मान मागे, तोंड आढ्याकडे. वाटीतून चमच्याने पातळ पेज घशात सोडायची. आमच्याकडच्या सगळ्या पोरांनी अशीच पेज प्यायली आहे. नात ठसकायची, नाकातून पेज यायची आणि बायको टाळूवर फुंकर मारत म्हणायची, "कोण गं आठवण काढतंय?" मी लगेच नातीच्या आवाजात उत्तर द्यायचो, "सिन्नरची आत्याआजी!" त्या दिवशीही दिलं. सवयच तशी.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही झोपा बरं या बाकावर."

मला कुणी रंगमंच दिला तर मी सोडत नाही. झोपलो. त्यांनी पाण्याचा ग्लास हातात दिला. "मान मागे टाका आणि प्या."

पाणी नाकात गेलं, कानात गेलं, शर्टात गेलं. मी उठून बसलो तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मिशा गळत होत्या. बायको खो खो हसली. किती तरी दिवसांनी हसली. मग तिचं लक्ष आपल्या पायांवरच्या नातीकडे गेलं. तिने पोरीला हळूच उठवून छातीशी धरलं.

बाईंनी सांगितलं ते असं. बसवून भरवायचं, हनुवटी जराशी खाली, चमचा समोरून. पेज नागलीचीच चालेल, पण घट्ट. ती तोंड उघडेपर्यंत थांबायचं. मालिश बंद करायचं नाही, फक्त हा हात, हा पाय, असं तिच्याशी बोलत करायचं. सगळे काम करतात तिथेच, सगळ्यांच्या मध्ये, तिला टेकू देऊन बसवायचं. त्यासाठी बाजारातून काही आणू नका, घरात काय आहे ते बघा.

"आणि तुम्ही," त्या मला म्हणाल्या, "तिच्या वतीने बोलायचं नाही."

"मग किती वेळ गप्प बसायचं?"

"ती बोलेपर्यंत."

"आणि नाहीच बोलली तर?"

"तर बघेल, हात हलवेल, रडेल. तेही बोलणंच आहे. तुम्ही मध्ये नसलात तर ऐकू येईल."

शेतकऱ्याच्या घरात टेकू शोधायला लांब जावं लागत नाही. मुलाने टोमॅटोचा एक क्रेट घेतला, पुढची बाजू करवतीने अर्धी कापली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. सुनेने कडांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या. पाठीमागे गोधडी, बाजूंना चादरींच्या घड्या, समोर दुसरा क्रेट उपडा, टेबल म्हणून. त्यात नात बसवली. बसली! तिरकी, मान एका अंगाला, पण बसली. आणि भोकाड पसरलं.

शेडमधल्या सगळ्यांचे हात एकदम उठले. सून म्हणाली, "कुणी उचलायचं नाय."

बायको स्वतःच्या हातांवर बसली. अलंकारिक बोलत नाही मी. दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि वर बसली. "लेकरू रडतंय आन् तुम्ही सुतळ्या वळा," ती म्हणाली. "लय शिकलेली सून मिळाली आपल्याला." सून ऐकत होती, जुडी बांधत होती आणि नातीकडे बघून सांगत होती, "मी इथंच हाय. ही बघ कोथिंबीर."

रडणं थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं. असे बरेच दिवस गेले. एका दुपारी मी बांधलेली जुडी नातीसमोरच्या क्रेटवर राहिली. तिचा ताठ हात आला, चुकला, परत आला. बोटं जुडीत रुतली आणि तिने ती ओढली. सुतळी सुटली, काड्या पसरल्या. घशातून एक आवाज आला. पूर्वी मी काढायचो तो हा आवाज नव्हता. जाडाभरडा, खालच्या पट्टीतला, पुरुषी म्हणावा असा आवाज. इतके दिवस मी तिला फार चुकीचा आवाज दिला होता.

"राहू द्या नाना," सून म्हणाली. "ते तिचं काम हाय."

"मग ती जुडी लिलावात तूच घेऊन जा," बायको फणकारली. पण विस्कटायला दुसरी जुडी तिनेच पुढे सरकवली.

उन्हाळा सरता सरता सुनेने अंगणवाडीचं काढलं. नात तीन वर्षांची होत आली होती. घरात तेवढ्यावरून चूल पेटेना.

"चार लोकांत पोरीचं हसं करायचंय का?" बायको म्हणाली. "ढकललं कुणी, चावलं कुणी, तर? इथं काय कमी हाय तिला?"

"इथं पोरं नायत, आई," सून म्हणाली. "इथं सगळे आपणच हाय."

बायकोने माझ्याकडे बघितलं. काही तरी बोला, असा अर्थ. मी नातीकडे बघितलं. ती मेथी उपटत होती.

अंगणवाडीच्या बाई ऐकून म्हणाल्या, "आणा की. माझ्याकडे एक चावणारा आहे, एक कपडे काढून पळणारी आहे. ही पळत नाही ना? मग मला बरंच आहे." त्यांनी सुनेकडून भरवायची रीत शिकून घेतली, नातीचं वजन केलं, क्रेट बघितला. अट एकच घातली. आजी-आजोबांनी आत बसायचं नाही.

पहिल्या दिवशी क्रेट माझ्या स्कूटरवर पायाशी, सून नातीला घेऊन मागे. बायको आली नाही. ती घासलेलं पातेलं पुन्हा घासत होती.

नात क्रेटमध्ये बसली आणि पोरांचं कडं झालं. मी दारात उकिडवा बसलो. बाई म्हणाल्या होत्या आत बसायचं नाही. दार म्हणजे आत नव्हे. लाल रिबिनीची एक चिमुरडी पुढे आली, कमरेवर हात ठेवून.

"हिला क्रेटमध्ये का ठेवलंय? ही टोमॅटो आहे का?"

काय सांगू तुम्हाला, इतका सुंदर चेंडू मला आयुष्यात कुणी टाकला नव्हता! नातीच्या आवाजातलं उत्तर जिभेवर येऊन उभं राहिलं. दोन उत्तरं होती, दुसरं पहिल्याहून सरस. सुनेने वळून माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

शांतता पडली. आमच्या धंद्यात शांतता म्हणजे वीज गेली. पोरं वाट बघत होती. नात त्या मुलीकडे बघत होती. मग तिचा हात हलला, चुकला, परत आला आणि मुलीच्या फ्रॉकचं टोक मुठीत सापडलं.

"सोड," मुलगी म्हणाली.

नातीची मूठ एकदा मिटली की तिला ती लवकर उघडता येत नाही.

"बाई, ही सोडतच नाही!"

"मग बस तिच्याजवळ," बाई तिकडून म्हणाल्या. "सोडेल तेव्हा ऊठ."

मुलगी जरा विचार करून बसली. नाइलाजाने. मग तिने क्रेटसमोरच्या फरशीवर बोटाने काही तरी काढायला सुरुवात केली. मूठ सुटली तेव्हा तिला ते कळलं नाही, किंवा कळूनही ती उठली नाही. मागे एक जण रडायला लागला होता, मलाही क्रेट पाहिजे म्हणून.

"नाना," अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "जा आता."

उठलो तर पाय झोपलेला. स्कूटरला धरून उभा राहिलो आणि पोटरीत मुंग्या यायला लागल्या. आधी बारीक, मग सुया टोचाव्यात तशा. मुंग्या यायला लागल्या की पाय बधिर होता तेव्हाच बरा होता असं वाटतं. बाकी काही झालं नाही. आतून खिचडीचा वास येत होता.

दुपारी सून आणि नात घरी आल्या. बायको दारातच होती.

"रडली का?"

"थोडी."

"खाल्लं का?"

"खाल्लं. ठसका नाय लागला."

बायकोने नातीला घेतलं, हातपाय चाचपले, कुठे चावल्याची खूण आहे का ते पाहिलं. मग तिने स्कूटरकडे बघितलं.

"क्रेट कुठंय?"

"तिकडंच ठेवला," सून म्हणाली. "उद्या लागंल ना."

या ठिकाणी एक विनोद हवा होता. मी शोधला, सापडला नाही. बायको आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची पानफुलांची साडी होती, जुनी नव्हे, मागच्या दिवाळीची. एक टोक दातात धरून तिने ती टर्रकन फाडली.

"बघत काय राहिलात?" ती मला म्हणाली. "दुसरा क्रेट कापा. घरी पोरगी बसंल कशात?"