अक्काचा लेखकांना एकच प्रश्न

फोन वाजला तेव्हा मी दुकानात ब्लाउजच्या हुकांची डबी शोधत होतो आणि ती सापडत नव्हती म्हणून आधीच डोकं फिरलेलं होतं. पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, "अत्ते होग्बिट्रु." आत्या गेल्या. आमच्या म्हैसूरच्या मराठी घरांत पोरं अशीच बोलतात, निम्मं कन्नड, निम्मं मराठी, आणि दुःखाचं असलं की सगळंच कन्नड. पण मला आवाज ओळखायलाच वेळ लागला. तो माझा मुलगा किरण होता. पंधरा वर्षांत तो माझ्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द. आणि मी काय करावं? मी ओरडलो. "मूर्खा, नीट बघ, डॉक्टरला बोलाव," असं काहीबाही. तो माझं ओरडणं संपेपर्यंत थांबला. मग त्यानं सांगितलं की कुवेंपुनगरच्या वळणावर टिप्परनं ऑटो चिरडली, ऑटोवाला वाचला, अत्ते जागीच गेल्या. "तोंड बघण्यासारखं राहिलेलं नाही," तो म्हणाला. "मी बोटांवरून ओळखलं." आणि त्यानं फोन ठेवला.

अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकडी होती. तेराव्याला जेवणाच्या पंगतीत एका गृहस्थानं हळहळून सांगितलं की जन्मभर कात्री चालवून तशी झाली, आणि काय गोड, काय सोशिक बाई होती. मी भरल्या पानावरून उठलो. अक्का आणि सोशिक? मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला कळतं, पण चांगलं म्हणजे खोटं नव्हे. म्हणून हे लिहायला बसलोय. ती बोटं नानांनी मोडली. नाना म्हणजे आमचे वडील. अग्रहार भागात आमचं शिलाईचं दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. दुकानात विठ्ठलाचा फोटो, त्याला रोज सकाळी तुळस, आणि त्याच फोटोखाली भिंतीला टेकवलेला लाकडी गज. त्या गजानं कापड कमी आणि आम्ही जास्त मोजले गेलो. अक्का बारा वर्षांची होती, मी चार. वाचनालयातून आणलेली पोरांची एक कादंबरी ती इस्त्रीच्या टेबलाखाली मांडीवर उघडी ठेवून वाचायची आणि वरती हात काजं करत राहायचे. एक दिवस काज नको त्या बाजूला पडलं. नानांनी वाकून टेबलाखाली बघितलं... मग तिचा हात टेबलावर पालथा ठेवायला लावला. ती रडत नव्हती, म्हणून गज बसत राहिला. आई दारात उभी होती, मी आईच्या मागं. लाकूड तडकलं तेव्हा नाना थांबले.

पुस्तकाचं काय केलं तेही सांगतो, कारण ते शिंप्याच्याच घरात होऊ शकतं. शिंपी कागद फेकत नाही. दसऱ्याची शिलाई डोक्यावर होती आणि ब्लाउजच्या खाक्यांना जाड कागद हवा होता. नानांनी पुस्तकाची पानं सुटी केली, खळ लावून एकाला एक चिकटवली, मोठा ताव केला आणि त्यातून छत्तीस मापाचा खाका कापला. पाठ, छातीवरचे दोन पुढे, बाही. भोक पाडून खिळ्याला टांगला. बोटं जुळून आल्यावर अक्का त्याच खाक्यावरून बायकांचे ब्लाउज बेतायला लागली, पुढं कितीतरी वर्षं. खडूनं आखता आखता वाचायची. मला ती गोष्ट तिच्याकडून पाठ झालेली होती. बाप पोराला मारतो आणि पोर घर सोडतं, ते पाठीवर. पोर उपाशी फिरतं, कुणाच्या बैलगाडीत झोपतं, ते बाहीवर. पुढ्यांवर त्याला ताप येतो. आणि शेवटची पानं गळ्यात गेली होती. तेव्हा खोल गळ्याची फॅशन होती, तो गोल तुकडा कापून नानांनी केरात टाकला. पोर घरी परत गेलं की नाही, हे अक्काला कळलं नाही.

ती सोळा वर्षांची असताना नानांनी माझ्यावर गज उचलला. मी आठ वर्षांचा, काय केलं होतं ते आठवत नाही. अक्कानं टेबलावरची निखाऱ्यांची इस्त्री उचलली आणि नानांच्या मनगटावर ठेवली. चुकून लागली नाही. ठेवली आणि दाबून धरली. कातडी जळाल्याचा वास दुकानात भरला, नाना ओरडत होते आणि ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता उचला." त्यानंतर आमच्या घरात कुणी मार खाल्ला नाही. नाना मरेपर्यंत उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा शर्ट घालायचे. अशी सोशिक होती माझी बहीण.

तिनं लग्न केलं नाही. कुवेंपुनगरात दोन खोल्या घेतल्या, एका खोलीत मशीन, दुसरीत पुस्तकं. आणि पुस्तकं कसली तर पोरांची. मराठी, कन्नड, जुनी, फाटकी, वरती मुलाचं नाव आणि इयत्ता लिहिलेली. पन्नाशीच्या बाईनं तसली पुस्तकं वाचावीत याचं लोकांना हसू यायचं, मलाही यायचं. एकदा मी म्हटलं, "अक्का, आता तरी मोठ्यांचं काही वाच." ती म्हणाली, "मोठ्यांच्या कादंबरीत माणसं विचार करत बसतात रे रंग्या. पोरांच्या कादंबरीत पोराला भूक लागते, मार बसतो आणि ते पळतं. मला ते कळतं." त्यातूनच तिला लेखकांची घरं बघायचं वेड लागलं. वर्षातून एकदा, दसऱ्याची गर्दी उतरली की पिशवी भरायची, मला सोबत घ्यायची आणि एसटीनं, रेल्वेनं कुठं कुठं जायचं. लेखक बहुतेक वारलेले असायचे. घरात नातू नाहीतर सून. ती मंडळी कौतुकानं खुर्ची दाखवायची, चष्मा दाखवायची, दौत दाखवायची. अक्का सगळं नीट बघायची, चहा प्यायची, आणि निघताना पिशवी खांद्याला लावून विचारायची, "घरात पोरांना मारायचे का हो ते?" एवढाच प्रश्न. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. कुणी हसून टाकायचं, कुणी म्हणायचं, छे छे, देवमाणूस. एका घरातून आम्हाला शब्दशः बाहेर काढलं, माझी एक चप्पल आतच राहिली. फाटकाबाहेर अक्का म्हणाली, "म्हणजे मारायचे."

आता माझं. किरण चौदा वर्षांचा होता. शाळेतून आला की दुकानात बसायचा, हात चांगला होता त्याचा. एका घरच्या लग्नाचं जरीचं कापड आलं होतं, दुसरं मिळणार नाही असं. मी जेवायला गेलो होतो तेवढ्यात त्यानं मला मदत करावी म्हणून बेतलं. कापड दुमडून न घेता एकदा बाही कापली आणि तोच खाका तसाच ठेवून परत कापली. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या. आमच्या धंद्यात प्रत्येकानं ही चूक एकदा केलेली आहे. मी केली आहे, नानांनी केली असेल. मी आलो, बाह्या बघितल्या, आणि लोखंडी गज उचलला. लाकडी गज जाऊन आमच्याकडं लोखंडी आलेला होता. पहिला पाठीवर बसला. नंतर त्यानं डोकं वाचवायला डावा हात आडवा धरला आणि मी त्या हातावर मारत राहिलो. किती वेळा ते मला माहीत आहे, पण लिहवत नाही. हाड बाहेरून दिसत होतं. माझी बायको माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती ते मला नंतर कळलं.

अक्का हॉस्पिटलात आली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. प्लास्टर झाल्यावर तिनं त्याला ऑटोत बसवलं आणि घेऊन गेली, ते कायमचंच. बायको रोज त्याला भेटायला जायची. मी गेलो की अक्का मला व्हरांड्यात बसवायची आणि आतलं दार ओढून घ्यायची. पण दसऱ्यानंतर दरवर्षी मला बरोबर न्यायची ती नेतच राहिली. मला वाटायचं, चला, निदान बहीण तरी तुटली नाही. किरण परत येईल का, हे मी तिला दरवर्षी विचारायचो. ती खिडकीबाहेर बघायची.

पुढं दोन-तीन वर्षांनी तिला लहानपणचं ते खाका झालेलं पुस्तक मिळालं. रद्दीच्या दुकानात, अख्खं. तिनं उभ्या उभ्या शेवट वाचला. पोर घरी परत जातं, बाप त्याला पोटाशी धरतो, दोघं रडतात आणि पुस्तक संपतं. अक्कानं ते पुस्तक रद्दीवाल्याच्या अंगावर फेकलं. मग पैसे देऊन परत उचललं. "मार खाल्लेलं पोर असं परत जातं होय? यानं कुठं बघितलं?" असं दोन दिवस तिचं चाललं होतं. लेखक कधीच वारले होते, तरी भांडायला निघाली. घर कोल्हापूरच्या पुढं एका गावात. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण तिथं ज्या बाईंनी आम्हाला दार उघडलं त्यांनी तसं सांगितलंय. त्या लेखकाची मुलगी, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनीही खुर्ची दाखवली, दौत दाखवली. अक्कानं प्रश्न विचारला. बाईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "मारायचे. पट्ट्यानं. मारून झालं की हात धुवायचे आणि लिहायला बसायचे." मग म्हणाल्या, "माझा थोरला भाऊ पंधराव्या वर्षी घर सोडून गेला. शेवटचं प्रकरण त्याच महिन्यातलं. अण्णांना वाटायचं, तो कुठंतरी वाचेल आणि येईल... पुस्तकाच्या किती आवृत्त्या आल्या. दादा आला नाही."

अक्का त्यांच्याकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं की किरणला नेल्यापासून ही बाई मला सोबतीला नेत नव्हती, हे उत्तर ऐकवायला नेत होती. परतताना कोल्हापूरच्या स्टँडवर, भर गर्दीत, तिनं माझ्या कानाखाली मारली. पन्नाशी गाठत आलेला माणूस मी, हातात दोन चहाचे कप. चहा सगळा अंगावर. "ही किरणची," ती म्हणाली. "तो मारणार नाही, म्हणून मी मारली." वाकड्या बोटांच्या हातानं मारली होती, तिलाच जास्त लागलं असणार. बसमध्ये ती हात काखेत धरून बसली होती. मी रडत होतो आणि तिनं मला गप्प कर, पाणी दे, असलं काही केलं नाही. त्याबद्दल मी तिचा फार ऋणी आहे, आणि तिला ते कधी सांगितलं नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी किरणचा निरोप आला, बायकोकडून, की पुस्तकांचं काय करायचं ते बघायला या. मी दुपारी गेलो. आतलं दार उघडं होतं. त्या खोलीत मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाय ठेवला. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, पलंगावर तिची घडी न केलेली चादर. किरण फळीजवळ उभा होता. माझ्याहून उंच झालाय. मी वरच्या फळीवरचं एक पुस्तक काढायला हात वर केला, आणि त्यानं डावा हात तोंडापुढं आडवा धरला. बँकेत नोकरी करणारा, एकोणतीस वर्षांचा पुरुष. त्याला स्वतःला कळायच्या आधी तो हात वर आला होता. माझा हात तसाच वर राहिला. तो खाली कसा आणावा हेच मला कळेना, कारण खाली येणारा माझा हात त्यानं पाहिलेला होता. शेवटी मी आहे तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो, दोन्ही हात मांडीवर, आणि म्हटलं, "तूच काढ बाबा."

त्यानं फळीवरचं काही काढलं नाही. पलंगावरून एक पुस्तक उचललं, मधल्या पानात खडूचा चपटा तुकडा खूण म्हणून ठेवलेला. अक्का त्याला रोज संध्याकाळी चार पानं वाचून दाखवायची, प्लास्टर होतं तेव्हापासून, आणि ते कधी बंदच झालं नाही. त्याचं मराठी घरातल्यापुरतं. अक्षर लावत लावत वाचतो, तेवढ्यात गोष्ट मरते. "अर्धं उरलंय," तो म्हणाला आणि पुस्तक माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. हातात दिलं नाही. मी उचललं, चष्मा लावला आणि वाचायला लागलो. एक पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर पोराच्या हातून दुधाचं भांडं सांडतं आणि बाप कोपऱ्यातली काठी घेतो. पुढची ओळ मला दिसली. मी खोकलो, जिभेवर बोट लावलं आणि दोन पानं एकदम उलटली.

"अत्ते पान सोडत नव्हत्या," किरण म्हणाला.

मी पानं मागं घेतली आणि पहिल्या फटक्यापासून मोठ्यानं वाचलं.