तेलगावच्या तलंगा आणि लसणाचा घास

दिंद्रुडाहून तेलगावला जायचं असेल तर हुरड्याच्या दिवसांत जा, बायांनो. पावसाळ्यात ती काळी माती चाकाला अशी धरते की बैलं रडकुंडीला येतात. मी मात्र हुरड्यासाठी नव्हते निघाले. माझी नात गोदी तेलगावात दिलीय. लग्नात मी तिला माझ्या हातच्या तलंगा, म्हणजे कवळ्या कोंबड्या, आंदण दिल्या. निरोप आला की तलंगा पांढरं हगतात, माना टाकून बसल्यात, आणि सासू म्हणते, मरायच्या आधी रविवारी कापून टाकू. त्या घरात पोरीचं स्वतःचं म्हणावं ते तेवढंच. म्हटलं, जुंपा गाडी!

गाडी राणबाची. ठेचा-भाकरीची शिदोरी दिली की भाडं फिटलं. वाटेत कुठं आगटी पेटलेली दिसली की खुशाल उतरा. कोण-कुठले ते मागून विचारतात, आधी ओंजळीत गरम हुरडा पडतो. माझे दात थोडे, पण राहिलेल्यांनी शिकस्त केली.

ओढ्यावर जहागीरदाराच्या मोतद्दाराची, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याची बायको धुणं धूत होती. सगळे तिला खाला म्हणतात. तिला कोंबड्यांचं रडगाणं सांगितलं.

“मुर्गीकू लसनघास खिलाव, अम्मा.”

“कच्चा का शिजवून?”

“कच्चाइच! बारीक काटके.”

लसणाचा घास! घरातलंच औषध की. मी खुशीत गाडीत चढले.

गोदीची सासू, आमच्या विहीणबाई, दारातच भेटल्या. “या! रविवारच्या रश्श्याला येळेवर आलात.”

“रस्सा ऱ्हाऊ द्या, आधी लसूण काढा.”

लसूण बारीक चिरला, हळद घातली, ताकात ज्वारीचं पीठ भिजवून गोळ्या वळल्या. गोदीनं खुराड्यातली ओली घाण खरवडून राख पसरली, पाणी बदललं. मग एक तलंग मांडीवर घेऊन तिची चोच उघडायला लागली.

विहीणबाई म्हणाल्या, “आगं, घास भरवतीस तर नाव घे की!”

गोदी लाजली, पण मागं सरली न्हाई.

“लसणाच्या पाकळीला हळदीची जोड, उघड बाई चोच, रुसवा आता सोड!”

“आन् नाव कुठंय ह्यात?”

“सासरी आलेलीचं नाव सासूनंच ठेवायचं असतं, आत्याबाई.”

विहीणबाईंना हसू आवरेना. “बरं, साळू म्हण. ती तुरेवाली ठकू.” असं करत सगळ्यांची बारशी उरकली. आजवर त्या कोंबड्यांना नावं ठेवायच्या, आज नाव ठेवलं!

एक बिचारी गेली. बाकीच्या हळूहळू दाणे टिपायला लागल्या. लसणानं, राखेनं का ताज्या पाण्यानं, देव जाणे. नातजावयाला खालाचं औषध सांगितलं तर तो पोट धरून हसला. “आजी, लसूणघास म्हंजे घोड्याचा हिरवा चारा! त्यांच्या बोलीत घास म्हंजे गवत!” म्हटलं, हसू दे. कोंबड्यांना कुठं बोली कळती?

रविवार उजाडला. नातजावई सुरी घेऊन आला. “आई, साळूला धरू का?”

“नाव ठेवलेलीला कोण कापतं रे मुडद्या? जा, वांगी आण!”

वांग्याचा रस्सा झाला, आणि काय झणझणीत झाला! मी दोनदा मागून घेतला.

घरी आल्यावर लेकानं विचारलं, तेलगावात काय बघितलंस? बाजार न्हाई बघितला, देऊळ न्हाई बघितलं. सासरच्या ओसरीवर, पदर तोंडाला न लावता, गोदी खळखळून हसताना बघितली.