दुधाने हात धुवायला लावणारे भाऊजी

आजारी पानांवर आमच्या भाऊजींइतकं प्रेम करणारा माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि होऊही नये. असे दोन जावई एका मुलखात असते तर लोकांनी अंगणात झाडं लावणंच सोडलं असतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खामगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निरोगी झाडाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. पण भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडू देत, पपईच्या शेंड्याला सुरकुती येऊ दे, की यांचा चेहरा खुललाच म्हणून समजा. ताईला पाहायला आमच्याकडे सोनाळ्याला आले तेव्हा पोह्यांची बशी घेऊन जे परसात गेले ते परत येईनात. ताई आत नटूनथटून बसलेली आणि नवरदेव पपईखाली उकिडवे! त्यांच्या काकांनी हाक मारून विचारलं, "काय, मुलगी पसंत आहे ना?" तर म्हणाले, "आहे, पण ही पपई उपटावी लागेल." मायला वाटलं, ही लग्नाची अटच आहे. पाहुणे वेशीबाहेर पडायच्या आत तिनं ती पपई मुळासकट उपटवली.

त्यांच्या कोटाच्या खिशात रुमाल कधी सापडला नाही, पण चुरडलेली, ठिपक्यांची, वाकडीतिकडी पानं भरपूर. ताई धुणं टाकताना खिसे झटकायची आणि तेवढ्यासाठी दोघांचं भांडण व्हायचं. जेवण झाल्यावर विडा पुढं केला तर आधी तो उलगडून पान उजेडात धरून बघणार, मग खाणार. एकदा जळगाव जामोदहून येताना रस्त्याकडेच्या वावरात पिवळी भेंडी दिसली म्हणून त्यांनी एस.टी. थांबवली. कंडक्टरला वाटलं, पाव्हण्याला मळमळून राह्यलं. त्यानं बिचाऱ्यानं धावत जाऊन पाणी आणलं. आमच्या शेजारच्या काकूंची कर्दळ मोठी कौतुकाची होती, हिरव्या पानांवर पिवळे पट्टे असलेली. गावातल्या बाया तिचे कंद मागायला यायच्या. भाऊजींनी ती बघितली, तोंडभरून स्तुती केली आणि म्हणाले, "फार सुंदर रोग आहे." काकू त्यानंतर महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

मी मेहुणी, तेव्हा मॅट्रिकला, त्यामुळे थट्टेचा हक्क माझा. मी विचारायची, "भाऊजी, काऊन एवढा लळा त्या रोगाचा?" झालं! मग भाऊजी पाटावर मांडी ठोकायचे. म्हणायचे, हा विषाणू म्हणजे धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. वर प्रथिनाचा अंगरखा आणि आत नुसते हुकूम. पानाच्या पेशीत शिरला की अंगरखा उतरवतो आणि घरात घुसलेल्या आगाऊ पाव्हण्यासारखा त्याच घरच्या चुलीवर आपला स्वयंपाक करून घेतो. आपली प्रथिनं तिथंच बनवून घेतो, आणि ती प्रथिनं मग घरच्या कारभारात ढवळाढवळ करतात. शिकवण्याच्या भरात ते शुद्ध बोलायचे, पण या मुद्द्यावर आले की बुलढाण्याचं रक्त उसळायचं. "पानात हिरवं कराचा हुकूम असते न, तो कोनं पुसला नाही. तो आहेच! त्याले फक्त गप बसवलं आहे. कोनं, कसं गप बसवलं, हे अजून पुस्तकात नाही, हा माहा अंदाज आहे." मी जांभई द्यायची. पुढं कितीतरी वर्षांनी अशाच अर्थाचं मी वर्तमानपत्रात वाचलं आणि चहाचा कप हातात तसाच राहिला.

आता बाबांचं सांगायला हवं. बाबांचा जीव मिरचीत. आमची घरची मिरची आजोबांच्या वेळेपासूनची, बुटकी, जाड, आणि तिखट अशी की ठेचा वाटताना गल्ली खोकायची. तिचं बी बाजारात मिळत नव्हतं, ते आमच्याच मळ्यात होतं. बाबा रोज सकाळी मळ्यात जायचे, बांधावर बसून तळहातावर तंबाखू-चुना मळायचे, तो गालात धरायचे आणि मग एकेका रोपावरून हात फिरवत चालायचे. याचा शेंडा खुड, त्याला सरळ कर, तिसऱ्याशी दोन शब्द बोल. आणि मिरची बसू लागली. पानं चट्ट्यापट्ट्यांची व्हायची, आखडायची, फळ धरेना. पहिल्या वर्षी हवेवर ढकललं, दुसऱ्या वर्षी खतावर. त्यातच गोठ्यातला बैल गेला, आणि कुणीतरी शहाणा बोलून गेला की आता यांच्या हाताला यश नाही. बाबांनी ते मनावर घेतलं. पेरणी दुसऱ्याकडून करवू लागले. पण जीव राहतो का? रोपं वर आली की पुन्हा जाऊन हात फिरवायचेच, आणि रोपं पुन्हा बसायची.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. ताई बाळंतपणाला आली, मुलगी झाली, आणि बाबांनी तिला घेतलंच नाही. दारात हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. माय पोर पुढं करायची तर दोन पावलं मागं सरकायचे. "तिले माहा हात नोको लागू देऊ," एवढंच म्हणायचे. ज्या माणसानं आम्हा बहिणींना खांद्यावरून खाली उतरू दिलं नव्हतं, तो नातीकडे लांबून बघत होता. ताई आत जाऊन रडायची. मलाही फार वाईट वाटायचं, पण बाबांशी बोलणार कोण?

त्या वर्षी अधिक श्रावण आला. अधिक महिन्यात जावयाला बोलवून अनारशांचं वाण द्यायचं, हा रिवाज आमच्याकडे कडक. भाऊजी आले, चहा न घेता मळ्यात गेले. मी बोलवायला गेले तर ओळीत उभे. आजारी रोपं सगळी पायवाटेच्या दोन्ही अंगांना होती, चालता माणूस हात लांबवील तिथपर्यंत. त्याच्या आतली रोपं हिरवीगार. भाऊजींनी ओळ बघितली, मग बांधाकडे बघितलं. बांधावर बाबा तंबाखू मळत होते. मला वाटलं, आता भाषण होणार. पण भाऊजी गप्प. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगते, भीतीच वाटली. वाटेत हळूच म्हणाले, "हा रोग तंबाखूच्या पानातून हातावर येतो, हातातून रोपात जातो. पण त्यांना हे आज सांगितलं, तर ते त्या पोरीला जन्मात हात लावणार नाहीत."

जेवायला पाट मांडले, रांगोळी काढली, ताटात अनारसे रचले. आणि भाऊजी रुसले! लग्नात रुसायचं असतं तेव्हा हा माणूस तोरणाची पानं मोजत बसला होता, आणि आता हात आखडून पाटावर बसला. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. जावई उपाशी उठला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. "जवाईबापू, काय चुकलं आमचं? सायकल मांगा, घड्याळ मांगा, काहीबी मांगा, पन जेवा!"

"देता?"

"हाव, देतो. शब्द आहे."

"तुमची तंबाखूची चंची द्या, मामाजी. आणि एक वाफा नवीन लावा. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, फक्त तुमचा. हात आधी साबणानं धुवायचे, मग दुधानं."

आता बघा पंचाईत! चंची बाबांच्या कमरेची, ती त्यांनी दोनदा सोडून पुन्हा खोचली. पण शब्द दिलेला. दुधाचं ऐकून माय माझ्या कानाशी आली. "अवं माय! दुधानं हात धुवाचे? येड लागलं काय या मानसाले?" जावयाला तोंडावर बोलायची सोय नव्हती, म्हणून सगळं मी ऐकून घेतलं. पुढचे काही आठवडे बाबांचा जीव कशातच लागेना. बडीशेप चघळायचे, घरातल्यांवर ओरडायचे, आणि रोज सकाळी वाटीभर दुधात हात बुडवून, चोरासारखे इकडंतिकडं बघत मळ्यात जायचे. गावानं हसून घेतलं. बाबा म्हणायचे, "जवायाचं ऐकावं लागते बापा."

दिवाळीला ताई आणि भाऊजी आले तेव्हा तो वाफा गुडघाभर उभा होता, हिरवाकंच, पांढऱ्या फुलांनी भरलेला. बाबा वाफ्यात उभे होते. भाऊजी त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि तेव्हा कुठं त्यांनी सगळं सांगितलं, तंबाखूतला रोग हातानं रोपात कसा जातो आणि दुधानं तो हातावरच कसा लुळा पडतो ते. बाबांचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच मारलं त्याईले?"

"तुम्ही नाही. रोग तंबाखूतून आला, तुम्ही फक्त त्याची बैलगाडी झालात. आणि हे बघा, हा वाफा कुणी लावला? हात तोच आहे न, मामाजी."

बाबांनी आपले तळवे उलटेपालटे करून बघितले. मग ताडताड घरी आले. आम्ही मागून धावतोय. ताई ओट्यावर पोरीला घेऊन बसली होती. बाबांनी काही न बोलता ती उचलली आणि छातीशी धरली. कोपरापर्यंत माती, नखांत माती, पोरीच्या नव्या झबल्याला माती. माय आतून ओरडली, "अवं, आंधी हात तं धुवा!"

आणि ज्या माणसानं बाबांना दुधानं हात धुवायला लावून अख्ख्या घराचा जीव नकोसा केला होता, ते आमचे भाऊजी म्हणाले, "राहू द्या."

आता बाबा नाहीत, भाऊजीही नाहीत. बाबांनी त्यानंतर घरातलं एकही लेकरू खाली ठेवलं नाही. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच मांडीवर वाढली. हे ज्यांच्यामुळं झालं त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण मेहुणीनं भाऊजींची थट्टा करायची असते, आभार मानायचे नसतात. मी आयुष्यभर त्यांची मनसोक्त थट्टा केली. त्यातलं त्यांना समजलं असेल, असं मी धरून चालते.