गौरीचा डावा डोळा

"आता विश्रांती घ्या" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं, त्याला हातात काहीही न देता माझ्या आईशेजारी एक दिवस नुसतं बसवावं. संध्याकाळपर्यंत तो पाया पडून काम मागेल. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काम काढून घेणं म्हणजे त्याची सेवा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. कुणी पोळपाट काढून घेतं, कुणी दळण, कुणी फुलांचा दोरा. वर तोंडभरून म्हणायचं, किती केलंत आयुष्यभर. गेल्या भाद्रपदाच्या आधी महिनाभर हे ऐकून माझं डोकं तापलं होतं, आणि तापलं ते बरोबरच होतं, फक्त ते कोणावर तापायला हवं होतं हे मला उशिरा कळलं.

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. माझा धाकटा भाऊ बायकोमुलांसह चेन्नईला असतो आणि सणाला येतो. आमच्या गल्लीत मराठी घरं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. घरात आम्ही आमची मराठी बोलतो, पण ती लिहिता-वाचता मला येते ती लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. आईला देवनागरीतलं एक अक्षर वाचता येत नाही. तिचा हिशेब, देवाची गाणी, पाककृती, सगळं तमिळ लिपीत.

आमच्या घरची गौर कागदाची. म्हणजे तिचा मुखवटा कागदाचा, आणि तो दर वर्षी नवा. श्रावण लागला की मागच्या पडवीत टब येतो, जुन्या वह्या फाडून त्यात भिजत पडतात. आठ दिवसांनी तो लगदा दगडी रगड्यात वाटायचा, चिंचोक्याची खळ शिजवून त्यात मिसळायची, आणि आईच्या सासूच्या काळातल्या मातीच्या साच्यावर थापायचा. साच्याचं नाक कधीच झिजून गेलंय, त्यामुळे नाक हातानं काढावं लागतं आणि ते दर वर्षी वेगळं येतं. एका वर्षी गौरीला हुबेहूब माझ्या आत्याचं नाक आलं. आत्या तीन दिवस खुशीत होती. वाळल्यावर खडूच्या भुकटीचे हात, मग हळदीचा रंग, ओठ, भुवया. माझी शाळेतली बीजगणितं, भावाचे तमिळ निबंध, त्याला मिळालेले भोपळे, सगळं गौरीच्या गालांत गेलंय. आम्ही लहान असताना त्याला याचा फार अभिमान होता. नापास झाला की म्हणायचा, वही टबात टाक, देवीला चालेल.

डोळे मात्र शेवटी, आवाहनाच्या दिवशी पहाटे. आईनं न्हाऊन, कॉफीसुद्धा न घेता, एका श्वासात एक डोळा काढायचा. आमच्याकडे याला डोळे उघडणं म्हणतात. त्याचा नियम एकच: उघडलेला डोळा पुन्हा मिटवायचा नाही. जसा आला तसा आला. त्या क्षणापासून तो कागद नसतो, ती बघत असते. मग घागरीवर मुखवटा बसतो, नऊवारी नेसवली जाते, आणि तीन दिवसांनी तिरुवैयारुला बसनं जाऊन कावेरीत निरोप. बसमध्ये आई मुखवटा मांडीवर घेते आणि त्याचं तोंड खिडकीकडे करते. तिला शेतं दिसू देत, वर्षानं आलीय, असं म्हणते. मला आठवतंय तेव्हापासून असंच.

आईच्या हाताला दोन वर्षांपूर्वी कंप सुरू झाला. गेल्याच्या गेल्या वर्षी डावा डोळा काढताना कुंचला घसरला आणि गौर स्वयंपाकघराकडे बघायला लागली. तसं फार काही नव्हतं. पण समोरच्या घरातल्या मामी सकाळी फुलं द्यायला आल्या आणि म्हणाल्या, या वर्षी तिरळी आली हो गौर. मामी आमच्यातल्याच, आईच्या चाळीस वर्षांच्या ओळखीच्या. मनानं वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. भावानं हौसेनं फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तिथे कुणी हसण्याची चित्रं टाकली, कुणी तमिळ लिपीत लिहिलं की आईंना आता त्रास देऊ नका, एकीनं तर हे शुभ नाही असंही सुचवलं. आईनं ते पाहिलं. तिला फोन वापरता येत नाही असं समजणारे लोक मूर्ख आहेत.

आणि गेल्या वर्षी श्रावणात पुण्याहून खोकं आलं. भावानं मागवलेले पितळेचे मुखवटे, एक नव्हे दोन. भावाला वाटलं एकावर एक फुकट, एक वापरायला आणि एक राखीव. मला खरं तर तिथेच हसू यायला हवं होतं. पण माझा राग नाकावर असतो. मी दुकानात फोन लावला आणि सांगितलं, आमच्याकडे गौर एकच, दुसरी परत घ्या. दुकानदार समजूत घालायला लागला की ताई, गौरी जोडीनंच येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तुमच्याकडे काहीतरी चुकतंय. मग मी कुठून बोलते ते विचारलं, आणि तंजावूर म्हटल्यावर फार कौतुकानं म्हणाला, तरी तुम्ही मराठी छान बोलता हो.

तरी! तीनशे वर्षांहून जास्त काळ आमची माणसं इथे कावेरीचं पाणी पिऊन हीच भाषा बोलतायत, यांनी टाकून दिलेले शब्द आम्ही जपून ठेवलेत, आणि हा मला उत्तीर्ण करतोय. मी पंचवीस वर्षं मुलींना गुण देतेय. मला असे कोणी दिलेले सोसत नाहीत. मी फोन आपटला.

आईनं दोन्ही मुखवटे हातात घेऊन पाहिले, पदरानं पुसले, "बरें झालें," म्हणाली, आणि पडवीतला टब उचलून भिंतीशी पालथा घातला. त्यानंतर ती बसून राहिली. सकाळी खुर्चीत, दुपारी पलंगावर, संध्याकाळी ओट्यावर. एका हातानं दुसऱ्या हाताला दाबत. टीव्ही लावला की ती टीव्हीकडे बघायची नाही, टीव्हीच्या खालच्या फळीवरच्या धुळीकडे बघायची. जेवण कमी झालं. भावजय फोनवर म्हणाली, बरं झालं, आता त्या आराम करतील, डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं. त्यांच्याकडे मी गेले होते. त्यांनी गोळ्या दिल्या होत्या.

दोन आठवडे मी हे पाहिलं आणि मग एका रविवारी भावाला फोन करून सुनावलं. तुला काय हक्क होता, असं विचारलं. तिच्या वर्षातला एक महिना तिचा होता, तोही तू पितळेनं भरून टाकलास. तुझ्या बायकोला घरात खळ शिजवल्याचा वास नको असेल, तर तुम्ही सणाला येऊ नका. याहून वाईटही बोलले. माझं संपल्यावर तो म्हणाला, "अक्का, मी आपल्या मनानें नाही आणलों. आईच सांगितली, पितळेचा आण म्हणून. त्याचा डोळा आधीच उघडलेला असतो, कोणास नीट करावा लागत नाही म्हणून."

मी फोन ठेवला.

आता ते सांगायला हवं. गेल्याच्या गेल्या वर्षी, डोळा तिरका आला त्याच दिवशी, दुपारी आई जेवून पडली होती. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. मी देव्हाऱ्याच्या खोलीत गेले, ओल्या फडक्यानं गौरीचा डावा डोळा पुसला, वर खडूचा हात दिला, पंख्याखाली वाळवला, आणि नवीन डोळा काढला. माझा हात स्थिर आहे, फळ्यावर मी वर्तुळ कंपासशिवाय काढते. उजव्या डोळ्याशी मापानं जुळणारा, सरळ, सुरेख डोळा आला. मला तेव्हा समाधान वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. आई उठली, खोलीत आली, थोडा वेळ उभी राहिली, गजरा सारखा केला आणि गेली. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी कुणी काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी बसमध्ये आईनं मुखवटा मांडीवर घेतला तो पंच्यात गुंडाळून. खिडकीकडे तोंड केलं नाही. मला वाटलं, धुळीसाठी असेल.

वर्षभर मी मामींच्या जिभेला नावं ठेवली, ग्रुपवरच्या त्या बाईशी बोलणं टाकलं, भावाला आणि पुण्याच्या दुकानदाराला झोडपलं. आणि उघडलेला डोळा मिटवला होता मी. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती मीच दिली होती.

आई मागच्या पडवीत पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ गेले. माफी मागायची तयारी करून गेले होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. तुला कळलं होतं तर बोलली का नाहीस, असं मी तिच्यावरच चढले. स्वभावाला औषध नाही.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तुज चूक दिसली की लाल पेन घेतीस," ती म्हणाली. "पोरींच्या वहींत घे. ती माझी वही नव्हे. मी तिचा डोळा उघडलों होतों, ती मज बघत होती. झोपून उठलों तर दुसरीच कोण बघत होती."

मग पालथ्या टबाकडे बघत, "माझा हात आतां ऐसाच आहे. त्या हातानें काढलेला तुज नको झाला. मग पितळेचा काय वाईट."

मला रडू आलं नाही. मला राग आला, आयुष्यात पहिल्यांदा योग्य माणसावर. मी उठले, टब सरळ केला, आतून कपाटातल्या माझ्या शाळेच्या वह्या आणल्या, पाठटिपणं, वर्षभर लाल शाईनं भरलेल्या सराव वह्या, आणि फाडायला बसले. आई बघत राहिली. पहिली वही झाली, दुसरी झाली. श्रावण अर्धा सरला होता, वाळायला दिवस पुरणार नव्हते, हे दोघींनाही माहीत होतं. तिसऱ्या वहीला आई म्हणाली, "एवढे मोठे तुकडे नको, भिजायचे नाहींत." आणि हात पुढे केला. ती कापऱ्या हातांनी फाडायला लागली. फाडायला कंप आड येत नाही, उलट बरा पडतो. त्या दिवशी लगद्याचं पाणी गुलाबी झालं.

ऊन कमी होतं म्हणून मुखवटा मी रोज गच्चीवर नेऊन आणला आणि शेवटचे दोन दिवस इस्त्रीच्या टेबलाजवळ पंख्याखाली ठेवला. आवाहनाच्या पहाटे भाऊ, भावजय, मुलं सगळी उठून दारात उभी. आईनं मला रंगाची वाटी धरायला सांगितली. उजवा डोळा बरा आला. डावा काढताना हात असा हलला की माझ्या बोटांनी वाटी घट्ट धरली. बुबुळ कोपऱ्यात गेलं. गौर पुन्हा स्वयंपाकघराकडे बघायला लागली, मागच्या खेपेपेक्षा जरा जास्तच. आईनं कुंचला पाण्यात बुडवला आणि म्हणाली, उघडला. मी वाटी खाली ठेवली आणि हात पाठीमागे बांधून घेतले.

पुण्याच्या दोघींचं काय करायचं, असं भावानं भीत भीत विचारलं. आई म्हणाली, लांबून आल्या आहेत, पाहुण्या म्हणून शेजारी बसव. त्यांना खणाची दोन नवी पोलकी मिळाली. पुरणपोळी आणि दह्यात कालवलेल्या उडीदपिठाच्या डांगर पचडीच्या नैवेद्यातही त्यांचा वाटा निघाला.

संध्याकाळी बायका आल्या. मामी पुढे वाकल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, या वर्षीही डावा डोळा जरा...

"मामी," मी म्हणाले, "त्या वर्षी संध्याकाळीं तुम्ही पाहिलात तो डोळा माझा होता. आई झोपली असतां मी पुसून काढलों. हा आईचा आहे."

भाऊ माझ्याकडे बघत होता, त्याला हे ठाऊक नव्हतं. भावजयीनं मुलाला उगाच मांडीवर घेतलं. तेवढ्यात आई कुंकवाचा करंडा घेऊन मामींसमोर आली. तिनं बोट बुडवलं, हात उचलला, तो हवेतच हलायला लागला. मामींनी मान स्थिर धरली. कुंकू कपाळाच्या मध्यावर न लागता डाव्या भुवईवर लागलं, आणि थोडं पापणीवर सांडलं.

मामींचा हात सवयीनं वर गेला, सारखं करायला. अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा खाली आला. मामी तशाच कॉफी प्यायला बसल्या.